जुनी बोट द्यायची, नवी घ्यायची: हिशोब आणि कागद



बोटीचा विषय काढला की काहींना वाटतं, ही श्रीमंतांची चैन, आपला काय संबंध? पण वसई-वर्सोव्यापासून मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत आणि पुढे गोवा-कारवारात दाराशी होडी असणारी घरं काही कमी नाहीत. हैदराबादच्या हुसेनसागरात, भोपाळच्या मोठ्या तलावात, पुण्याजवळ खडकवासल्याला शिडाच्या लहान बोटी चालवणारी मंडळी आहेत, आणि त्यांत मराठी माणसं भरपूर आहेत. सैन्यात तर हा खेळ जुना. कोअर ऑफ इंजिनिअर्सच्या अधिकाऱ्यांनी १९८५ ते १९८७ या काळात ‘तृष्णा’ नावाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. ती बोटही कोरी नव्हती, इंग्लंडमध्ये घेतलेली, आधी दुसऱ्याने वापरलेली होती. तेव्हा जुनी बोट म्हणजे टाकाऊ बोट, हे आधी डोक्यातून काढू या.

आजचा विषय असा आहे. तुमच्याकडे एक बोट आहे. चौदा-पंधरा फुटांची, मागे आउटबोर्ड इंजिन. मुलं मोठी झाली, माणसं वाढली, म्हणून आता वीस फुटी हवी. किंवा उलट, गुडघे बोलायला लागले आणि मोठीऐवजी छोटी हवी. अशा वेळी जुनी बोट नव्या बोटीच्या विक्रेत्यालाच देऊन टाकावी, की स्वतः गिऱ्हाईक शोधून विकावी? आणि विकायची तर आधी की नंतर?

या बाबतीत इंटरनेटवर जे सल्ले मिळतात ते बहुतेक अमेरिकेतले असतात. तिथे जुनी बोट विक्रेत्याला देण्याची पद्धत मुरलेली आहे आणि त्यामागे कराचं कारणही आहे. फ्लोरिडासारख्या राज्यात विक्रेत्याकडून नवी बोट घेताना जुनी तिथेच दिली, तर विक्रीकर फक्त वरच्या फरकावर लागतो. म्हणून तिथला माणूस सांगतो, ‘देऊन टाका, कर वाचेल.’ आपण ते ऐकतो आणि इथे तसंच करायला जातो. आपल्याकडे नियम बरोबर उलटा आहे. वस्तू व सेवा कराच्या नियमांत याचं उदाहरणच दिलेलं आहे, मोबाइल फोनचं. जुना फोन देऊन नवा २०,००० रुपयांना मिळत असेल आणि जुना न देता तोच २४,००० ला पडत असेल, तर कराच्या हिशोबासाठी किंमत २४,००० धरायची. बोटीलाही हाच न्याय. जुनी दिली म्हणून नवीवरचा कर एक पैसाही कमी होत नाही.

आणि हा कर लहानसहान नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून हौशी व खेळाच्या बोटींवर तो ४० टक्के आहे. मासेमारीच्या बोटीवर मात्र ५ टक्के. या दोन आकड्यांमधली दरी पाहून काहींच्या डोक्यात लगेच कल्पना येते की मासेमारीची म्हणून बोट घ्यावी आणि फिरायला वापरावी. माझं स्पष्ट मत, या वाटेला जाऊ नका. बोटीची नोंदणी ज्या कामासाठी आहे त्या कामाव्यतिरिक्त ती वापरली आणि पाण्यात काही बरंवाईट झालं, तर विमा कंपनी हात वर करेल आणि तुम्ही एकटे उभे राहाल.

या ४० टक्क्यांचा दुसरा परिणाम तुमच्या फायद्याचा आहे. दोन खासगी माणसांनी आपापसात हौसेची जुनी बोट विकली-घेतली, तर तो धंदा नव्हे, त्यावर हा कर येत नाही. व्यापाऱ्याला मात्र जुनी बोट घेऊन पुन्हा विकताना कर, जागेचं भाडं, डागडुजी आणि स्वतःचा नफा, सगळं धरावं लागतं. ते सगळं तो तुमच्या किमतीतून कापणार. तो लबाड आहे म्हणून नाही, त्याचा हिशोबच तसा आहे.

आता एक आकडेमोड करू. आकडे समजुतीसाठी आहेत. विक्रेता म्हणतो, नवी बोट १२ लाख, तुमची जुनी मी ३ लाखांना घेतो, वर ९ लाख द्या. तुम्ही खूश, कारण बाहेर कोणी अडीचच्या वर बोलत नव्हतं. पण त्याच विक्रेत्याला आधी विचारा, ‘जुनी वगैरे काही नाही, रोख पैसे देतो, शेवटची किंमत सांगा.’ तो म्हणाला पावणेअकरा लाख, तर तुमच्या जुन्या बोटीची त्याने लावलेली खरी किंमत किती झाली? पावणेअकरातून नऊ गेले, उरले पावणेदोन लाख. तीन नव्हेत. म्हणून माझा नियम असा की दोन सौदे कधीही एका वाक्यात बोलू नयेत. नव्या बोटीचा भाव आधी पक्का करायचा, कागदावर घ्यायचा, आणि मग जुनीचा विषय काढायचा.

आता बाहेर अडीच लाख मिळतात म्हणजे स्वतः विकल्यावर पाऊण लाखाचा फायदा, असंही लगेच समजू नका. गिऱ्हाईक मिळेपर्यंत बोट ठेवण्याचं भाडं, राखणदार, दाखवायला नेण्याचं पेट्रोल, विकण्याआधी करावी लागणारी किरकोळ कामं, आणि तुमचे रविवार. तीन-चार महिने लागले तर यात तीस-चाळीस हजार सहज जातात. तरीही हातात काही उरतं. पण तुम्ही नोकरीनिमित्त बंगळुरूला आणि बोट मांडव्याला, अशी स्थिती असेल तर विक्रेत्याला देऊन मोकळं होणं हाच शहाणपणा. त्या सोयीची किंमत किती, हे मात्र वजाबाकी करून माहीत असू द्या.

तिसरा मार्ग दलालाचा. युरोप-अमेरिकेत दलाल साधारण १० टक्के घेतो आणि जाहिरातीपासून कागदांपर्यंत सगळं बघतो. आपल्याकडे असं काम करणारे थोडे. बहुतेक सौदे क्लबच्या नोटीस बोर्डावर, जेटीवरच्या चहाच्या टपरीवर आणि व्हॉट्सॲपच्या गटांतच होतात. त्यात गैर काही नाही, उलट बोट ओळखीत गेली की तिची पूर्वपीठिका सगळ्यांना ठाऊक असते.

वेळ कोणती साधायची? पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात. नारळी पौर्णिमेच्या सुमाराला पुन्हा हालचाल सुरू होते. हौशी बोटींचा हंगाम तर ऑक्टोबर ते मे. मे महिन्यात मुंबई-अलिबागकडे बोट विकायला काढली तर समोरच्याला पहिल्यांदा दिसतात ते पुढचे चार महिने, ज्यात बोट वापरता तर येणार नाही आणि सांभाळावी मात्र लागणार. तो भाव पाडणारच. तीच बोट सप्टेंबरमध्ये धुऊन-पुसून उभी करा, बोलणं वेगळं होईल. घेणाऱ्याने अर्थात उलट करावं, मे महिन्यात घ्यावी. तलावांवरचं गणित निराळं. हैदराबादला शिडाच्या मोठ्या शर्यती जुलै-ऑगस्टमध्ये, भर पावसाळ्यात असतात, म्हणजे तिथे मे-जून हा विकणाऱ्याचा काळ. एकाच महिन्यात एका गावी पडलेला भाव आणि दुसऱ्या गावी चढलेला. शर्यतीची डिंगी छोट्या ट्रकवर जाते, तेव्हा या फरकाचा उपयोग करून घेता येतो.

आधी विकायची की आधी घ्यायची, यावर घरोघरी वाद होतात. माझं मत, आधी विका. मधले दोन महिने मित्राच्या बोटीवर जा, क्लबची बोट भाड्याने घ्या. एकदा नवी आली की जुनीवरचं लक्ष उडतं. तिच्यात पावसाचं पाणी साठतं, इंजिन महिनोन्‌महिने सुरू होत नाही, आणि दोन्हीचं भाडं, दोन्हीचा विमा चालू राहतो. शेवटी माणूस कंटाळून मिळेल त्या भावाला देतो. अपवाद एकच. तुमच्या क्लबात किंवा जेटीवर नांगरायची जागा बोटीच्या नावावर असेल आणि बोट गेली की जागाही जात असेल, तर आधी त्या जागेचं लेखी करून घ्या.

आता बोट विकण्याजोगी करणं. तिला नवा रंग देऊ नका. जाणकार माणूस ताज्या रंगाकडे संशयाने बघतो, रंगाखाली काय झाकलंय, असं त्याला वाटतं. धुवा, घासा, आतलं पाणी काढा, कुजलेल्या दोऱ्या बदला, एवढं पुरे. पाहणारा पुढच्या गोष्टी बघणार, त्या तुम्हीच आधी बघा. फायबरच्या बोटीत मागची फळी, जिच्यावर आउटबोर्ड टांगलेलं असतं, तिच्या आत बऱ्याचदा प्लायवूड असतं. स्क्रूच्या भोकातून पाणी आत गेलं की ते कुजतं. बाहेरून काही दिसत नाही. लाकडी मुठीने ठोकत जा: टणटणीत आवाज आला तर ठीक, भद्द आवाज आला तर आत पाणी आहे. इंजिन वर उचलून हाताने दाबून पाहा, फळी लवली तर ते काम मोठं आहे. तळाला बारीक फोड आले असतील आणि फोडल्यावर त्यातून आंबट वासाचा द्रव आला, तर पाणी फायबरच्या थरांत शिरलेलं आहे. लाकडी होडीत पठाण आणि त्याला लागून असलेल्या फळ्यांचे जोड सुरीच्या टोकाने तपासायचे.

शिडाच्या लहान बोटीची सर्वांत प्रामाणिक परीक्षा म्हणजे तराजू. लेझर जातीच्या बोटीचं नुसतं कवच साधारण ५९ किलोचं असतं. तुमचं ६५ भरलं तर वरचे सहा किलो म्हणजे आत मुरलेलं पाणी किंवा कुणीतरी केलेली दुरुस्ती. शर्यतीत भाग घेणारा असं कवच घेणार नाही. शिकणाऱ्या मुलांच्या संस्थेला मात्र ते चालतं, आणि तिथे योग्य भावात द्यावं. शिडांचंही तसंच. कापड हातात चुरगाळल्यावर नव्यासारखा कडक आवाज आला तर त्यात अजून जीव आहे.

छोट्या मोटरबोटीत निम्म्याहून अधिक पैसा इंजिनात असतो. म्हणून घेणाऱ्याने आग्रह धरावा की इंजिन आपण आल्यावर, थंड असताना सुरू करून दाखवावं. आधीच गरम करून ठेवलेलं इंजिन कसंही सुरू होतं. थंड पाण्याची धार जोरात पडते का, सगळ्या सिलिंडरचा दाब जवळपास सारखा आहे का, जस्ताचा बळी जाणारा तुकडा वेळेवर बदललाय का, हे पाहायचं. विकणाऱ्याकडे सर्व्हिसच्या पावत्या असतील तर अर्धी घासाघीस तिथेच संपते. पावत्या जपून ठेवणारा माणूस बोटही जपतो, हा माझा अनुभव.

दाखवण्याआधी तुम्हाला ठेवायच्या वस्तू उतरवून घ्या. हातातला जीपीएस, दुर्बीण, आवडता नांगर. नंतर ‘तेव्हा तर होतं’ हा वाद फार वाईट. लाइफजॅकेट, अग्निशामक, संकटकाळी उडवायचे दारूचे बाण यांची यादी करा. त्या बाणांना मुदत असते, साधारण तीन वर्षांची. मुदत संपलेले बाण ‘सामान’ म्हणून मोजू नका.

आता ज्यासाठी हा विषय घेतला तिकडे येतो. पैशाचं नुकसान एका हंगामात भरून निघतं. कागदाचं तसं नाही. आपल्या भाषेत गंमत आहे, नाव म्हणजे होडी आणि नाव म्हणजे नावही. नाव विकली, पण सरकारी दप्तरात नाव तुमचंच राहिलं, असं किनाऱ्यावर वारंवार घडतं. शंभर रुपयांच्या स्टँप पेपरवर सह्या होतात, पैसे हातात येतात, नोंदणीचं ‘नंतर बघू’ म्हणतात. नंतर कोणी बघत नाही. बोट तिसऱ्याकडे जाते, तिथून चौथ्याकडे.

मी सैन्यात होतो, म्हणून मला हे जास्त टोचत असेल. पण आठवून पाहा. १९९३ मध्ये रायगडच्या दिघी आणि शेखाडीला स्फोटकं समुद्रमार्गे उतरली. २००८ मध्ये हल्लेखोर मुंबईजवळ आले ते पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारीची बोट बळकावून. त्यानंतर किनाऱ्यावरच्या बोटींची नोंदणी आणि मच्छीमारांची ओळखपत्रं यांकडे सरकार फार काटेकोरपणे बघू लागलं. समुद्रात एखादी बोट संशयास्पद सापडली की तपासाचं पहिलं टोक म्हणजे तिच्यावरचा क्रमांक. तो क्रमांक ज्याच्या नावावर, त्याच्या दारावर पहिली थाप पडते. तस्करीचं डिझेल असो की नुसता अपघात, ‘साहेब, ती मी चार वर्षांपूर्वी विकली’ हे सांगायला तुमच्याकडे कागद हवा. मोटारीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्टच केलं की गाडी विकली तरी नोंदणीत ज्याचं नाव, तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक. बोटीचा कायदा वेगळा आहे, पण हा धडा घ्यायला हरकत नाही.

मग करायचं काय? पहिलं, बोट कुठल्या दप्तरात नोंदलेली आहे ते पाहा. नदी, खाडी, तलाव यांतल्या यंत्रावर चालणाऱ्या बोटींसाठी आता २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे. त्याने १९१७ चा जुना कायदा गेला. महाराष्ट्रात काम मेरीटाइम बोर्डाकडे, गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्सच्या कार्यालयाकडे. मासेमारीची बोट मत्स्यव्यवसाय विभागाकडे. त्या कार्यालयात विकणारा आणि घेणारा दोघांनी एकत्र जावं आणि मालकी बदलाचा अर्ज आपल्यासमोर दाखल करून पोच घ्यावी. शेवटचा हप्ता त्या पोचेनंतर. विकणाऱ्याला यात पैसे अडकल्यासारखं वाटतं, पण पैसे घेणाऱ्याकडे अडकले तर त्यालाच नोंदणी बदलायची घाई असते. हे दोघांच्याही भल्याचं आहे.

बोट एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणार असेल, समजा रत्नागिरीची कारवारला, तर दोन्हीकडच्या कार्यालयांत आधी विचारणा करा.

दुसरं, कर्ज. मासेमारीच्या अनेक बोटी सहकारी संस्थेमार्फत कर्ज काढून बांधलेल्या असतात. विकणाऱ्याकडे जेवढा हक्क आहे तेवढाच घेणाऱ्याला मिळतो, हे १९३० च्या माल विक्री कायद्याचं साधं तत्त्व. बोटीवर बोजा असेल तर तोही तुमच्याबरोबर येईल. बँकेचं आणि संस्थेचं बेबाकी पत्र पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नका. आणि मासेमारीचा परवाना किंवा डिझेलवरची करसवलत बोटीबरोबर आपोआप येईल असं धरून चालू नका, त्यासाठी नव्या मालकाला आपल्या नावाने पुन्हा खटपट करावी लागते.

तिसरं, विमा. इथे मोटारवाले हमखास फसतात. मोटार विकली की तिच्या विम्यातला तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा भाग कायद्यानेच नव्या मालकाकडे गेला असं धरलं जातं. बोटीचं तसं नाही. १९६३ च्या सागरी विमा कायद्यात म्हटलंय की मालकाने आपला हितसंबंध सोडला म्हणून विम्याचा हक्क आपोआप दुसऱ्याकडे जात नाही, तसं ठरलेलं असावं लागतं. म्हणजे शनिवारी बोट घेतली, रविवारी खडकावर लागली आणि पॉलिसीवर जुन्याचंच नाव, तर जुना मालक राहिला नाही आणि नवा पॉलिसीत नाही. दोघांनाही काही मिळायचं नाही. घेणाऱ्याने ताबा घेण्याच्या तारखेपासून स्वतःचा विमा सुरू करावा.

चौथं, करारात दोष लिहा. आपला कायदा घेणाऱ्याला सांगतो, डोळे उघडे ठेवून घे. पण विकणाऱ्याने दोष मुद्दाम झाकला तर ती फसवणूक होते. तेव्हा ‘मागची फळी उजवीकडे दुरुस्त केलेली आहे, गिअर बदलताना आवाज येतो’ असं सरळ लिहून दोघांनी सही करावी. दहा-पंधरा हजार कमी मिळतील. सहा महिन्यांनी फोन मात्र येणार नाही. कराराला बोटीचा नोंदणी क्रमांक, इंजिनाचा क्रमांक, सामानाची यादी, ताब्याची तारीख आणि वेळ जोडा. वेळ लिहिताना लोक हसतात. पण त्या दुपारी काही घडलं तर ताबा बारा वाजता दिला की चारला, एवढ्यावरच सगळं ठरतं.

जुनी बोट विक्रेत्याला दिली तरी यातलं काही सुटत नाही, हे विसरू नका. उलट तिथे जास्त सावध राहायचं, कारण विक्रेता ती स्वतःच्या नावावर न करता पुढचं गिऱ्हाईक मिळेपर्यंत तुमच्याच नावावर ठेवू पाहतो. पुढचा माणूस चाचणीसाठी ती पाण्यात नेतो, तेव्हाही दप्तरात मालक तुम्हीच असता. त्याने बोट ताब्यात घेतल्याची तारीख, त्या दिवसापासून तिची सगळी जबाबदारी त्याची, आणि अमुक दिवसांत नोंदणी बदलेन, एवढं त्याच्या लेटरहेडवर शिक्क्यानिशी घ्या. तो नाही म्हणाला तर चाव्या खिशातच राहू द्या.

ताबा देण्याच्या दिवशी बोटीवरच्या क्रमांकासह चार बाजूंनी फोटो काढा, घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत ठेवा, आणि मालकी बदलाच्या पोचेबरोबर हे सगळं एका पाकिटात घालून कपाटात ठेवा. महिन्याभराने कार्यालयात जाऊन नोंद खरोखर बदलली का, हे स्वतः पाहून या.

पुढच्या भागात ट्रेलरवरून किंवा ट्रकवरून बोट एका गावाहून दुसऱ्या गावी नेताना ती कशी बांधायची, ते प्रात्यक्षिकासह पाहू. नमस्कार.